क्षपण की रिडक्शन, हा वादच चुकीचा आहे

माझ्या वकिली कार्यालयातील कारकुनाचा मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत तो मराठी माध्यमात शिकला, पी.यू.सी.ला विज्ञान घेतले तेव्हापासून पुस्तक, व्याख्यान, परीक्षा सारे इंग्रजीत. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तो उजव्या मनगटाला मलम लावून आला आणि खिशातून घडी घातलेला छापील कागद काढून त्याने माझ्यापुढे ठेवला. सेंद्रिय रसायनाच्या प्रात्यक्षिकाची ती कृती होती: सोडियम बोरोहायड्राइड वापरून कापराचे रिडक्शन. शेवटून तिसऱ्या ओळीतील एका इंग्रजी क्रियापदावर बोट ठेवून त्याने विचारले, "काका, क्वेंच म्हणजे विझवणेच ना?"

कोश उघडला तर तोच अर्थ मिळतो. आग विझवणे, नाहीतर तहान भागवणे. प्रयोगशाळेत चालणारा तिसरा अर्थ, म्हणजे काम होऊन उरलेले तेज रसायन सावकाश निकामी करणे, विद्यार्थ्यांच्या हातातील छोट्या कोशात सापडत नाही. मुलाने कोशाचा अर्थ प्रमाण मानला आणि चंचुपात्रातील सगळे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल एका दमात चंबूत ओतले. चंबूत न वापरलेले बोरोहायड्राइड भरपूर उरलेले होते. आम्ल लागताच त्यातून हायड्रोजन वायू उसळला, मिश्रण फसफसून उतू गेले, टेबलावर मेथॅनॉल पसरले, मनगटावर शिंतोडे उडाले. शेजारी बर्नर पेटलेला नव्हता हे नशीब.

"विझवायचं म्हटल्यावर एकदम ओतायला पाहिजे की, काका. चुलीतली लाकडं विझवताना आपण थेंब थेंब पाणी घालतो काय?"

या युक्तिवादाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याच्या प्रयोगवहीत मात्र लाल शाईने एकच शब्द लिहिलेला होता: केअरलेस. जवळजवळ तीस वर्षे मी न्यायालयात पुरावा वाचतो आहे. या पुराव्यावर निष्काळजीपणाचा आरोप टिकत नाही. दिलेली सूचना त्याने वाचली, समजून घेण्याचा प्रयत्न केला, कोश पाहिला आणि समजलेल्या अर्थाप्रमाणे तंतोतंत वागला. निष्काळजीपणा झाला असेल तर तो ज्यांनी तो कागद त्याच्या हाती दिला त्यांचा.

हा प्रसंग मी चळवळीतल्या चार स्नेह्यांना सांगितला. पुढे जे घडले त्यामुळेच हा लेख लिहावा लागतो आहे. पहिले म्हणाले, मूळ दोष शीर्षकातच आहे. 'रिडक्शन' कशाला, 'क्षपण' म्हणायला हवे, आपल्या परिभाषा कोशाने तो शब्द केव्हाच दिला आहे. दुसऱ्यांचे नातेवाईक इंदूरला. त्यांचे म्हणणे, तिकडची मराठी मुले हिंदीतून 'अपचयन' शिकतात, मग 'क्षपण' कोणाला कळणार? तिसऱ्यांनी आठवण करून दिली की आपल्याकडे कन्नड माध्यमातल्या मुलांना 'अपकर्षण' शिकवतात, तिकडे तेलुगूत 'क्षयकरण' आहे, तेव्हा संस्कृतातून एकच अखिल भारतीय शब्द घ्यावा. चौथे कंटाळून म्हणाले, विज्ञान इंग्रजीतच बरे, ही कटकटच नको. चर्चा दीड तास चालली. त्या दीड तासात 'क्वेंच'ला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न एकानेही विचारला नाही. मुलाचे मनगट ज्या शब्दाने भाजले तो शब्द कोणाच्या वादात नव्हताच.

माझा दावा असा आहे की मराठीतून विज्ञान या प्रश्नावर आपण शंभर वर्षे नामांसाठी भांडत आलो, आणि प्रयोग चालतो तो क्रियापदांवर. नाम चुकले तर परीक्षेत गुण जातात. क्रियापद चुकले तर चंबू उतू जातो.

आधी नामांचा निकाल लावू. कायद्याकडे वळण्यापूर्वी मी रसायनशास्त्राची पदवी घेतली, त्यामुळे हे परक्या घरात डोकावणे नाही. 'क्षपण' म्हणजे संस्कृतात क्षीण करणे, नाहीसे करणे. शब्दाचे कुळ मोठे आहे. 'मुद्राराक्षस' नाटकात जीवसिद्धी क्षपणकाच्या वेषात वावरतो; विक्रमादित्याच्या नवरत्नांच्या यादीत एक क्षपणक आहे; जैन शास्त्रात साधक कर्माचे क्षपण करतो आणि त्या चढणीला क्षपकश्रेणी म्हणतात. निपाणी-चिकोडीकडच्या जैन घरांत हे शब्द प्रवचनांतून कानावर पडतात. त्या घरातल्या मुलाने 'सोडियम बोरोहायड्राइड हे क्षपणक आहे' असे वाक्य वाचले तर त्याच्या डोळ्यांपुढे मुनिमहाराज उभे राहिले तरी नवल नाही. गंमत सोडा, शब्द वाईट नाही. पण तो पदार्थात काय घडते ते सांगतो का?

'रिडक्शन' तरी सांगतो का? त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ मागे नेणे, परत आणणे. खनिजातला ऑक्सिजन काढून धातूला मूळ रूपात परत आणण्याच्या क्रियेसाठी हा शब्द रुळला. खनिजाचे वजन त्यात घटते, म्हणून 'कमी करणे' हा बाजारी अर्थही तिथे खपून गेला. कापराच्या प्रयोगात मात्र उलटे घडते. कापराच्या रेणूत दहा कार्बन, सोळा हायड्रोजन, एक ऑक्सिजन, रेणुभार १५२. प्रयोगानंतर हायड्रोजन अठरा होतात आणि रेणुभार १५४. ऑक्सिजन गेला नाही, वजन वाढले, आणि क्रियेचे नाव मात्र घट! म्हणजे इंग्रज मुलालाही या नावाचा अर्थ नावातून कळत नाही. रेणूत हायड्रोजन शिरला किंवा इलेक्ट्रॉन आले की त्याला रिडक्शन म्हणायचे, हे त्यालाही पाठच करावे लागते. तेव्हा आपल्या मुलाने 'क्षपण' पाठ केले काय आणि 'रिडक्शन' पाठ केले काय, कष्ट सारखेच. महाराष्ट्रातल्या पाठ्यपुस्तकांत क्षपण आहे, राहू द्या. सीमेपलीकडच्या आपल्या मुलांना पुढे इंग्रजीत उत्तरे लिहायची आहेत, त्यांनी रिडक्शन म्हणावे. यात मराठीचे काहीही बुडत नाही.

बुडते ते कृतीच्या भाषेत. तो छापील कागद समोर ठेवून मी त्याच रात्री मुलाला कृती मराठीत लिहून दिली. नामे जशी होती तशीच ठेवली. ती अशी:

एक ग्रॅम कापूर छोट्या चंबूत घ्यावा आणि दहा मिलिलिटर मेथॅनॉलमध्ये ढवळून विरघळवावा. जवळपास उघडी ज्योत नसावी. चंबू बर्फाच्या पाण्यात बसवून गार होऊ द्यावा. मग ०.६ ग्रॅम सोडियम बोरोहायड्राइड स्पॅच्युलाच्या टोकाने चिमूट चिमूट घालावे. दर खेपेला फसफस ओसरेपर्यंत थांबावे. सगळे घालून झाले की चंबू बर्फातून काढून अर्धा तास अधूनमधून ढवळत राहावे. पुन्हा गार करावा, बर्फाचे पाणी बेताबेताने घालावे, आणि उरलेले बोरोहायड्राइड सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल थेंब थेंब सोडून जिरवावे. फेस वर चढू लागला की हात आखडता घ्यावा. उतू जाऊ देऊ नये. पांढरा साका खाली बसेल. तो गाळावा, गार पाण्याने धुवावा, निथळू द्यावा आणि गाळणकागदात दाबून टिपून घ्यावा. सुकवण्यासाठी भट्टीत ठेवू नये. कापराप्रमाणे हाही उडून जातो.

यात मी एकही नवा शब्द घडवलेला नाही. ढवळणे, विरघळणे, ओसरणे, जिरवणे, उतू जाणे, निथळणे, टिपणे ही सगळी स्वयंपाकघरातली, परसातली, धोब्याच्या घाटावरची क्रियापदे. इंग्रजी कागदावर जिथे 'पोर्शनवाइज' आणि 'ड्रॉपवाइज' अशी दोन क्रियाविशेषणे होती, तिथे मराठी चिमूट चिमूट आणि थेंब थेंब म्हणते. दुहेरी शब्दातच गती सांगितली जाते. आणि 'जिरवणे' तर असे चपखल की इंग्रजीने हेवा करावा. पाणी जमिनीत जिरते ते हळूहळू; माणसाची रग जिरवायची तीही एका फटक्यात नव्हे. उरलेल्या बोरोहायड्राइडची रग जिरवायची आहे, एवढे त्या मुलाला सांगितले असते तर त्याने आम्ल एकदम ओतले नसते. विझवणे आणि जिरवणे यांतला फरक त्याला कोणी शिकवावा लागला नसता. तो आईच्या दुधाबरोबर आला आहे. शाळेच्या पुस्तकात चुनकळीवर पाणी पडून तयार होणाऱ्या पदार्थाला 'विरी गेलेला चुना' म्हणतात. ज्या कोणी तो शब्द घेतला, त्याने तो गवंड्याच्या तोंडून घेतला असला पाहिजे. चुनकळीवर एकदम पाणी ओतले तर काय होते हे गवंड्याला ठाऊक असते, म्हणून त्याची भाषा सावध आहे.

०.६ ग्रॅम कशासाठी, हा प्रश्नही त्या मुलाने विचारला आणि तोही भाषेतूनच सुटला. बोरोहायड्राइडच्या एका रेणूत कामाला येणारे चार हायड्रोजन असतात. हिशेबाने एक ग्रॅम कापराला साठ-बासष्ट मिलिग्रॅम पुरावे. आपण घालतो त्याच्या दहापट, कारण मेथॅनॉलच त्यातला बराच भाग खाऊन टाकते आणि कापराचा कार्बोनिल गट अडचणीच्या जागी असल्याने क्रिया रेंगाळते. म्हणजे शेवटी चंबूत शिल्लक किती असेल याचा अंदाज आधीच बांधता येतो. "एवढं उरतं हे मला माहीतच नव्हतं," मुलगा म्हणाला. कागदावर 'एक्सेस' असा शब्द होता. त्याचा अर्थ त्याने 'थोडे जास्त' असा घेतला होता. 'दहापट घालतो, त्यातले पुष्कळ उरते, ते जिरवायचे' हे एक मराठी वाक्य त्याच्या कानावर पडले असते तर लाल शाई वाचली असती.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या पदार्थाचे हे रिडक्शन, तो आपल्या देवघरातला. आज बाजारात मिळणारा बहुतेक कापूर झाडाचा नसतो. टर्पेंटाइनमधल्या पायनीनपासून कारखान्यात तो बनवतात. त्या साखळीत शेवटून दुसरा टप्पा आयसोबोर्निऑल नावाच्या अल्कोहोलचा असतो आणि त्यातले दोन हायड्रोजन काढले की कापूर तयार होतो. विद्यार्थी प्रयोगशाळेत हीच वाट उलटी चालतो. कापराला दोन हायड्रोजन परत दिले की दोन भावंडे जन्मतात: पुष्कळसे आयसोबोर्निऑल आणि थोडे बोर्निऑल. हे बोर्निऑल म्हणजे आपला खरा भीमसेनी कापूर, ज्याला जुन्या मराठीत बरास म्हणत. तो पूर्वेकडच्या बेटांवरील वेगळ्या वृक्षातून मिळे, आणि बरास हे नाव सुमात्रातील बारूस बंदराशी जोडले जाते. प्रयोगात बरास कमी का मिळतो? कापराच्या रेणूला छपरासारखा एक पूल आहे आणि त्यावर दोन मिथिल गट बसलेले आहेत. वरची बाजू त्यांनी अडवल्यामुळे हायड्रोजन खालून शिरतो, ऑक्सिजन वरच्या बाजूला ढकलला जातो, आणि आयसोबोर्निऑल जास्त बनते. दार अडवणारा माणूस दारात उभा असला की पाहुणा परसदाराने येतो, यापेक्षा कठीण असे त्यात काही नाही. अवकाश-रसायन नावाच्या विषयाने ज्या मुलांना घाम फुटतो, त्यांना हे असे कोणी सांगत नाही.

कापराच्या डबीत आपल्या आया-आज्या मिरीचे दाणे टाकत, कापूर उडू नये म्हणून. पुस्तक त्याला 'संप्लवन' म्हणते. ठीक आहे, नाम म्हणून संप्लवन असू द्या. पण 'संप्लवनशील पदार्थास उच्च तापमानी शुष्क करण्यात येऊ नये' असे जेव्हा कोणी लिहितो तेव्हा तो इंग्रजीपेक्षा कठीण मराठी लिहितो. 'भट्टीत ठेवू नये, उडून जाईल' या वाक्याला पदवी लागत नाही. इथे माझा राग इंग्रजीवाल्यांपेक्षा आपल्याच लोकांवर अधिक आहे. नामांची संस्कृत पेटी उघडून बसलेल्या विद्वानांनी क्रियापदेही त्याच पेटीतून काढायला सुरुवात केली. ढवळण्याचे 'प्रक्षोभण' झाले, गाळण्याचे 'निस्यंदन' झाले, आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटीला 'करण्यात यावे' लागले. विश्वकोशाच्या नोंदींत 'साका' हा घरगुती शब्द भेटतो तेव्हा बरे वाटते. शाळेत त्याचा 'अवक्षेप' झालेला असतो. अशी मराठी वाचून पालक म्हणतात, यापेक्षा इंग्रजी सोपे. त्यांना दोष कसा द्यावा?

न्यायालयाची मराठी कशी घडली ते पाहा. दावा, फिर्याद, वकील, कैफियत, जबाब, तारीख, पंचनाम्यातला नामा, हे सारे फारसी-अरबी वाटेने आले. शिवकाळात रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. केवढे मोठे काम! तरी आज साडेतीनशे वर्षांनी मी वकीलच आहे आणि माझा अशील दावाच दाखल करतो. वडोदऱ्याला सयाजीरावांनी १९३१ साली शासनशब्दकल्पतरू काढला, अनेक भाषांतले पर्याय शेजारी शेजारी मांडून. त्यातलेही काही रुजले, काही नाही. पण क्रियापदे पाहा: दावा मांडला, दावा फेटाळला, साक्ष फिरवली, जबाब उलटला, खटला रेंगाळला. फारसीला इथे पाय ठेवायला जागा मिळाली नाही. नाम बाहेरून आले, क्रियापद घरचे राहिले, म्हणून खेड्यातला अशिक्षित शेतकरीही आपल्या दाव्याचे काय झाले ते एका वाक्यात सांगतो. सोडियम बोरोहायड्राइड हे नामही तसेच पाहुणे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिकागो विद्यापीठात श्लेसिंजर आणि ब्राउन यांनी ते तयार केले. ते शुद्ध करण्यासाठी द्रावक शोधताना ॲसिटोन वापरून पाहिले, तर ॲसिटोनचेच रिडक्शन झाले आणि या पदार्थाचा गुण हाती लागला. ब्राउन यांना १९७९ साली नोबेल मिळाले. त्या पदार्थाला संस्कृत नाव देण्याचा आपला काय अधिकार? 'वकील'ला जसे आत घेतले तसे त्यालाही घ्यावे.

चौथ्या स्नेह्यांचे मत राहिले: विज्ञान इंग्रजीतच बरे. त्यांना माझे एवढेच सांगणे की ज्या शहरांत आपले वाचक राहतात त्या शहरांनी हा प्रयोग केव्हाच करून पाहिला आहे. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले ते उर्दू माध्यमाचे. त्यासाठी अनुवाद संस्था आधीच उभी केली होती आणि विज्ञान, वैद्यक, अभियांत्रिकी उर्दूत शिकवले गेले. १९४८ नंतर ते बंद पडले, पण ती शिकवता येत नव्हती म्हणून नव्हे. राज्य गेले म्हणून. वडोदऱ्याचे कलाभवन १८९० चे, त्रिभुवनदास गज्जरांसारखा रसायनतज्ज्ञ त्याच्या मुळाशी होता आणि धंदेशिक्षण देशी भाषेतून द्यावे हा त्याचा आग्रह. आमच्या शेजारी कोल्हापुरात बाळाजी प्रभाकर मोडकांनी एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्रावर मराठीत ग्रंथ लिहिले. भाषा पुरत नाही, हे म्हणणे इतिहासाला ठाऊक नाही.

मी तर तेवढेही मागत नाही. पदवीची परीक्षा इंग्रजीतच राहो, अहवाल इंग्रजीत लिहावा, नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजी बोलावे. मागणी एका कागदाची आहे. प्रात्यक्षिकाच्या कृतीपत्रिकेवर उजवीकडे इंग्रजी, डावीकडे मुलाला कळणारी भाषा. मराठी मुलाला मराठी, कन्नड मुलाला कन्नड. उत्तर कर्नाटकातला कन्नड माध्यमातून आलेला मुलगा त्याच टेबलाशी त्याच 'क्वेंच'पुढे तितकाच अडतो, हे विसरून आपण हा मुद्दा केवळ मराठीचा केला तर आपली बाजू लंगडी पडेल.

कायद्याने हे कुठे सांगितले आहे, असे विचारले जाईल. संविधानाचे ३५०-क हे कलम मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयीबद्दल बोलते, पण ते प्राथमिक टप्प्यापाशी थांबते. प्रयोगशाळा त्यानंतर सुरू होते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटक सरकारच्या प्रकरणात माध्यमाची निवड पालकांची ठरवली, ती सक्तीविरुद्ध, सोयीविरुद्ध नव्हे. सरळ आधार असा नाही, हे मी मान्य करतो. पण एक गोष्ट रोज डोळ्यांपुढे असते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २७९ व्या कलमात अशी तरतूद होती की आरोपीला न समजणाऱ्या भाषेत पुरावा नोंदला जात असेल तर तो त्याला समजणाऱ्या भाषेत सांगितला पाहिजे. नव्या संहितेनेही ती ठेवली आहे. आरोपपत्रही त्याला वाचून दाखवून समजावून द्यावे लागते. सायकल चोरल्याचा आरोप असलेल्या माणसाला जे संरक्षण आहे ते मेथॅनॉल आणि हायड्रोजनपुढे उभ्या केलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला नाही. आणि त्याच्या वहीत शेरा मात्र न ऐकताच लिहिला जातो.

आपल्या चळवळीने पाट्यांसाठी मोर्चे काढले. मीही त्यांत चाललो आहे आणि त्याबद्दल मला खंत नाही. दुकानाची पाटी चुकीच्या भाषेत असली तर गिऱ्हाईक तरीही दुकानात शिरते. बाटलीवरची आणि कृतीपत्रिकेवरची भाषा चुकली तर मलम लागते. पाटीसाठी जमणारी माणसे कृतीपत्रिकेसाठी का जमत नाहीत, याचे कारण आपण प्रामाणिकपणे शोधावे. मला सापडलेले कारण सुखद नाही: आपल्यातील बहुतेकांची मुले मराठी शाळेत नाहीत, म्हणून त्या टेबलाशी आपल्या घरचे कोणी उभे नसते.

मुलाने पुढच्या आठवड्यात प्रयोग पुन्हा केला. माझा कागद खिशात होता. ०.७ ग्रॅम पांढरा चूर्णासारखा पदार्थ मिळाला. कापूर १८० अंशांच्या अलीकडे वितळतो. हा त्याच्या बराच पुढे जाऊन, २१२ अंशांच्या किंचित खाली. बंद नळीत पाहावे लागले, कारण उघड्या नळीत तो वितळण्याआधीच उडतो. अवरक्त वर्णपटात १७४० च्या आसपासची कार्बोनिलची टोकदार खूण नाहीशी झालेली होती आणि ३३०० च्या वर रुंद अशी नवी खूण उमटली होती. यावेळी वहीत फक्त सही आहे. जुना शेरा खोडलेला नाही.

मी आणखी दोन कृती लिहायला घेतल्या आहेत. पहिली मेटा-डायनायट्रोबेंझीनपासून मेटा-नायट्रोॲनिलीनची, हेही रिडक्शनच, आणि दुसरी बेंझोफेनोनची. पहिलीत एका क्रियापदापाशी गाडी अडली आहे. 'रिफ्लक्स' म्हणजे उकळत ठेवायचे, पण वाफ बाहेर जाऊ द्यायची नाही. ती वर थंड होऊन पुन्हा त्याच भांड्यात गळत राहते. अर्क काढणाऱ्यांच्या, अत्तरवाल्यांच्या किंवा गुऱ्हाळावरच्या बोलीत याला काही शब्द असेल तर ज्याला माहीत असेल त्याने कळवावे. रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी वरील कृतीतल्या चुकाही निःसंकोच दाखवाव्यात. नामांबद्दलची पत्रे मी वाचीन, पण त्यांना उत्तर देणार नाही.